पिवळा दोरा आणि करंटची पेटी

७ डिसेंबर १९७२, गुरुवार.

थंडी वाढली. आडातले पाणी आणखी खाली गेले. दोर पुरेना म्हणून त्याला जुना कासरा जोडून घेतला. रेशनवर साखर नाही. पेटीतले सेल बदलले. दुपारी झुंबरबाईला करंट दिला. त्या वेळी भामाबाई व दगडाबाई हजर होत्या.

रोजनिशीत मी एवढ्यावरच थांबते. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी तशीच सवय लावली: जे घडले ते लिहावे, मत लिहू नये. आज मात्र लेखणी खाली ठेवली तरी मन ठिकाणावर येईना. म्हणून झुंबरबाईविषयी वेगळे लिहून ठेवते आहे.

झुंबरबाई माझ्या घराच्या मागच्या आळीत राहते. वय चाळिशीच्या आसपास, उंच, आवाज शेताच्या बांधापलीकडे जाणारा. केडगावात तिच्याइतके ओझे डोक्यावर घेऊन चालणारी दुसरी बाई नाही असे ती स्वतःच सांगते, आणि ते खरे आहे. पाऊसपाणी होते तेव्हा ती डोक्यावर ताकाचा डेरा घेऊन नगरला माळीवाड्यापर्यंत चालत जायची आणि वाटेत दोन भांडणे मिटवून परत यायची. यंदा म्हशी छावणीत गेल्या आणि ती पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मातीच्या पाट्या वाहू लागली. दिवाळीच्या सुमाराला तिची मान धरली. धरली म्हणजे अशी की ना उजवीकडे वळे, ना डावीकडे, ना खाली वाके. कोणी मागून हाक मारली की ती सगळ्या अंगानिशी फिरायची, बैलगाडी वळवल्यासारखी.

"मला हाक मारायची तर म्होरनं या," म्हणायची. "मागनं आलात तर मुक्काम पडंल."

तिचा नवरा बन्सी राहात्याकडे एका साखर कारखान्यावर कामाला गेला त्याला चार वर्षे झाली. तिथे त्याने दुसरे घर केले आहे. त्याचा थोरला भाऊ सहादेव याने त्याला राहात्याच्या बाजारात त्या बाईबरोबर, कडेवर मूल घेतलेले पाहिले. सहादेवने घरी येऊन बायकोला, भामाबाईला, सांगितले आणि भामाबाईकडून ते साऱ्या केडगावाला कळले. पण झुंबरबाई म्हणते की नवरा दर अमावस्येला येतो. रात्री साखरेच्या ट्रकमधून उतरतो, पहाटे परत जातो. हे खोटे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक असावे. पण आजवर तिच्या तोंडावर कोणी बोलले नव्हते. त्या न बोलण्यावर तिचे सगळे उभे होते. सवाष्ण म्हणून तिला जेवायला बोलावत, ओटी भरत, लग्नात हळद लावायला पुढे करत. टाकलेली हा शब्द एकदा कोणी उच्चारला असता तर त्यातले काहीच उरले नसते.

करंटची पेटी माझ्या पुतण्याने पुण्याहून माझ्या गुडघ्यासाठी आणली. पॉलिश केलेली लाकडी पेटी, आत बॅटरीचे दोन मोठे सेल आणि तारेचे गुंडाळे. खटका ओढला की भुंग्यासारखा आवाज होतो. दोन वायरींच्या टोकांना पितळी चकत्या आहेत. त्यांना फ्लॅनेल गुंडाळायचे, मिठाच्या पाण्यात बुडवायचे आणि दुखऱ्या जागेच्या दोन्ही अंगांना धरायचे. मुंग्या येतात, स्नायू आपोआप उडतो, आणि थोड्या वेळाने ठणका कमी होतो. निदान माझा होतो.

ही बातमी पसरली तशा दुपारच्या बायका माझ्या ओसरीवर येऊ लागल्या. मला सगळ्या ओव्हरशीरबाई म्हणतात; माझे यजमान बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. दगडाबाई पहिल्याच दिवशी आली. तिला काहीही दुखत नव्हते.

"इंचू चावल्यावानी हाय," ती चकत्या धरून म्हणाली, "पर ग्वाड इंचू."

इतक्यात तिच्या हातातले चांदीचे गोठ चकतीला लागले आणि ती किंचाळून उठली. "आगं माझे आई! माझ्या अंगात आलं गं!" सगळ्या हसून हसून लोळल्या. मी मात्र पेटीबरोबरचा इंग्रजी कागद काढून पुन्हा वाचला. त्यात लिहिलेच होते की अंगावरचे धातूचे दागिने आधी काढून ठेवावेत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, नोव्हेंबर संपता संपता, झुंबरबाई आली. पाटावर बसताना तिने दोन्ही हातांनी स्वतःचे डोके धरले होते, भरलेली घागर उतरवावी तसे. मी फ्लॅनेल भिजवले आणि सांगितले, "गळ्यातलं काढून ठेव. कागदात तसं लिहिलंय. काल दगडाबाईचं काय झालं ऐकलंस ना?"

तिचा हात मंगळसूत्राकडे गेला आणि तिथेच राहिला.

"ते न्हाई काढायची मी, बाई."

"चटका बसेल. मानेवरच लावायचंय."

"बसू द्या. मान तुटली तरी चालंल, गळा मोकळा न्हाई ठेवायची."

दगडाबाई म्हणाली, "आगं, मंगळसूत्र गाठवायला देतो तवा काय करतो आपुन? हळकुंड बांधतो न्हवं पिवळ्या दोऱ्यात? तसं बांध. करंट झाला का सोड."

हे सगळ्यांनाच पटले. मलाही पटले. घरात हळकुंड होते, दोरा होता. मी हळद कालवून दोरा पिवळा केला, हळकुंड मध्ये बांधले आणि दोरा पुढे केला. झुंबरबाई म्हणाली, "बांधा बाई तुमीच. माझा हात मागं जात न्हाई."

मी म्हणाले, "माझ्या हातचं नको. सवाष्णीनं बांधावं."

सिस्टरांनी इतकी वर्षे शिकवले, यजमानांना जाऊन दहा वर्षे झाली, आणि तोंडातून आले ते हेच. दगडाबाईनेही हात मागे घेतला, तीही विधवाच. ओसरीवर सवाष्ण एकच होती, भामाबाई. या दोघी जावांची घरे एका भिंतीची. वाटणीपासून त्यांच्यात धड बोलणे नाही.

भामाबाईने दोरा घेतला नाही. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "सवाष्णीनं कशाला? नवऱ्यानं बांधायचा असतो पयला दोरा. भावजी येत्यातच की दर आवसेला. त्यांच्या हातनं बांधून घे आन् मग ये."

झुंबरबाई समोर बघत बसली. तिला दुसरीकडे बघताच येत नव्हते.

"व्हय," ती म्हणाली. "येतील आवसेला. घेईन बांधून."

"गाळप चालू हाय ना आता? गाळपात सुट्टी देत्यात व्हय?"

"त्यांना देत्यात," झुंबरबाई म्हणाली, दोरा मुठीत घेतला आणि गेली.

मी तिला थांबवायला हवे होते. थांबवले नाही. पेटी बंद केली आणि कागदाची घडी घातली.

अमावस्येपर्यंत ती कामावर जात राहिली. मुकादमाने तिच्या पाटीत माती कमी टाकायला सांगितली तर ती त्याच्यावरच खेकसली. रात्री तिला आडवे होता येत नसे. भिंतीला टेकून बसून झोपायची. हे मला भामाबाईनेच सांगितले. "रातभर कन्हती," म्हणाली. तेव्हा तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, पण दया होती असेही म्हणवत नाही.

अमावस्या परवा झाली. आज दुपारी झुंबरबाई आली. नीट नेसलेली, केस डाव्या खांद्यावरून पुढे घेऊन बांधलेले, गळ्यात हळकुंडाचा पिवळा दोरा. मंगळसूत्र देव्हाऱ्यात ठेवून आले म्हणाली. दगडाबाई आधीच येऊन शेंगा निवडत बसली होती. भामाबाई मागोमाग आली. कशासाठी ते मी विचारले नाही.

"आले हुते आवसेच्या राती," कोणी न विचारताच झुंबरबाई म्हणाली. "दोरा बांधला अन् पहाटं गेले. लावा बाई करंट."

मी चकत्या भिजवल्या, तिचे केस बाजूला केले आणि मानेच्या दोन्ही बाजूंना चकत्या धरल्या. खटका ओढला. भुंगा सुरू झाला. तेव्हा मला दिसले की मानेमागे गाठ नाही. गाठ पुढे, उजव्या खांद्याजवळ होती. दोऱ्याची दोन टोके असमान, आणि एक टोक दाताने ओढल्यासारखे पिंजलेले. मी पदराने ती झाकणार होते, पण दोन्ही हातांत चकत्या होत्या.

भामाबाईने पाहिले.

"गाठ म्होरं कशी गं?"

"झोपंत फिरला दोरा."

"झोप लागली व्हय? मी तर जागी हुते. मधी एक भिताड हाय. ट्रक न्हाई वाजला, कडी न्हाई वाजली, कुत्रं न्हाई भुकलं. कन्हन्याचा आवाज तेवढा आला. भावजी काय भिताडातनं आले?"

"गप गं भामे," दगडाबाई म्हणाली.

"गप का? मी इचारलं फकस्त."

पेटी गुणगुणत होती. झुंबरबाईच्या मानेचा स्नायू माझ्या बोटांखाली उडत होता. मी चकत्या काढायला हव्या होत्या की धरून ठेवायला हव्या होत्या, मला कळेना. मी धरून ठेवल्या.

"कोन न्हाई आलं," झुंबरबाई म्हणाली. नेहमीच्या आवाजात नाही, अगदी हळू. "ह्या आवसेला न्हाई, मागच्या न्हाई. चार वरसात एकदाबी न्हाई. दोरा मीच बांधला. हात मागं जात न्हाई म्हनून म्होरनं बांधला, दातानं वढला. झालं समाधान, जाऊबाई? आता म्हना. इतकी वरसं तोंडात धरलंय ते म्हना एकदा."

भामाबाईने तो शब्द म्हटला नाही. तिचे तोंड उघडे राहिले होते. तिला हे असे उघड हवे नव्हते, हे मला त्या क्षणी दिसले. टोचायचे होते, फाडायचे नव्हते. पण फाटले होते.

अशा वेळी माणूस मान खाली घालतो. झुंबरबाईला ती सोय नव्हती. तिची मान ताठ, डोळे समोर, ज्या भिंतीवर माझ्या यजमानांचा फोटो आहे त्या भिंतीकडे. डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीवरून गळत होते आणि तिला ते लपवता येत नव्हते. माना आम्ही खाली घातल्या. दगडाबाई शेंगांच्या सुपात बघत होती, भामाबाई जमिनीकडे, मी माझ्या ओल्या हातांकडे. फ्लॅनेलचे पाणी दोऱ्यावर उतरून हळदीचा ओघळ तिच्या पाठीवर गेला होता.

किती वेळ गेला ते मी पाहिले नाही. कधीतरी चकत्यांखालचा ताठरपणा सैल झाल्यासारखा वाटला. मग तिची मान हलली. आधी थोडी, मग हळूहळू, दिवाळीपासून पहिल्यांदाच, ती खाली आली, आणि हनुवटी छातीला टेकली. ठणका गेला होता. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. औषध लागू पडल्याचा आनंद मला व्हायला हवा होता. तो झाला नाही. तिला बरे वाटले ते लाज लपवता यावी एवढ्यापुरतेच, असे मला वाटत राहिले.

भामाबाई उठली. उंबऱ्यापाशी थांबली, काहीतरी बोलणार होती. "उनं उतरली," एवढेच म्हणाली आणि गेली. दगडाबाईनेही सूप काखेला मारले. जाताना तिने झुंबरबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला, चटका बसल्यासारखा.

मी खटका बंद केला. झुंबरबाई उठली नाही.

"घरी जायचं न्हाई वाटत आज," म्हणाली. "तिकडं भिताडाला कान हायेत."

"राहा," मी म्हणाले. "घोंगडी देते."

ती ओसरीवर आडवी झाली. कुशीवर झोपता आले याचे तिला नवल वाटले. एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर वळून पाहिले. मग डोळे मिटून विचारले, "बाई, परत लावावा लागंल का करंट?"

"आठवडाभर तरी रोज."

"मग ऱ्हाऊ द्या दोरा गळ्यात. कोनी बांधला ते आता समद्यांना म्हाईत झालंच हाय."

"गाठ मागे करून देऊ का?" मी विचारले. हे विचारायला मला आठवडा लागला होता.

तिने डोळे न उघडताच गाठ चाचपली. मग म्हणाली, "नगा. तुमी तवा न्हाई म्हनला हुता, ते बरुबर हुतं का चूक ते मला कळत न्हाई. पर आता बांधलाय तसाच बरा."

मी घोंगडी तिच्या पायांवर नीट केली आणि आत आले. आता ती घोरते आहे. उद्या सकाळी ती मागच्या आळीत कशी जाईल, मुकादमापुढे, आडावर, बायकांत कशी उभी राहील, मला सांगता येत नाही. ओसरी माझी होती, कागद मी वाचला होता, दोरा माझ्या घरचा होता. हे मत झाले. सिस्टरांनी खोडले असते. मी खोडत नाही.

सायंकाळची नोंद: रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरी दोन जास्त केल्या. रॉकेल उद्या आणावे लागेल.