मस्कतमधले बर्फाचे जाणकार

उभ्या ओमान देशात हिमकडा कधी कोसळेल हे अचूक सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या बहिणीचा नवरा होता. ओमानमध्ये हिमकडेच नाहीत, ही काही दाजींची चूक नव्हे. मे महिन्यात मस्कतला डांबराला चप्पल चिकटते. नळाचं पाणी इतकं तापतं की गार पाण्याने अंघोळ करायची तर गिझर बंद ठेवून त्यातलं वापरावं लागतं. अशा गावात आमचे दाजी सकाळचा चहा घेऊन बाल्कनीत उभे राहायचे, समोरच्या भाजक्या, बोडक्या डोंगरांवरून नजर फिरवायचे आणि समाधानाने म्हणायचे, "आज उतार शांत आहे." ताई आतून विचारायची की उतार शांत असेल तर डबा भरू का.

दाजी साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी बर्फातल्या ठाण्यांवर काढली होती. गस्तीची तुकडी निघण्याआधी समोरचा उतार पाहायचा, काठी खुपसून थर तपासायचे आणि जायचं की नाही ते ठरवायचं, हे त्यांचं काम. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते मस्कतला एका व्यापाऱ्याच्या गोदामावर सुपरवायझर म्हणून आले आणि अल् खुवैरला आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. देश बदलला, हवा बदलली, पगार तर पुष्कळच बदलला. दाजींची नजर मात्र बर्फावरच राहिली. गोदामात तांदळाच्या गोण्यांची थप्पी दिसली की ते आधी मान तिरकी करून तळाची गोणी बघत. त्यांचं म्हणणं असं, की माणूस नेहमी वरच्या थराला घाबरतो आणि घात मात्र खालचा करतो. एकदा त्यांनी अख्खी थप्पी उतरवून पुन्हा लावायला सांगितली, तेव्हा त्यांचे अर्बाब, म्हणजे मालक, कपाळाला हात लावून निघून गेले. तळाच्या चार गोण्या ओलीने सडलेल्या निघाल्यावर तेच अर्बाब परत येऊन गुपचूप खजूर ठेवून गेले.

घरी कोणी पाहुणा आला की दाजींचं प्रात्यक्षिक ठरलेलं. ताटात साखर पसरायची, तिच्यावर गव्हाच्या पिठाचा थर दाबून बसवायचा आणि ताट एका बाजूने हळूहळू उचलायचं. बराच वेळ काही होत नाही. पाहुणा जांभई दाबतो. आणि मग एकदम सगळं पीठ सपकन घसरून त्याच्या मांडीवर येतं. "साखर म्हणजे जुना, भुसभुशीत बर्फ," दाजी शांतपणे समजावत, "वरचं पीठ कितीही गोरंगोमटं असो, त्याचा पाय साखरेत आहे." वसईचे एक गृहस्थ, जे एका हॉटेलात मुख्य आचारी होते आणि ज्यांना आम्ही वसईकर म्हणायचो, त्यांनी हा प्रयोग तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा पँट धुतली. चौथ्या वेळी ते येताना अ‍ॅप्रन घेऊन आले.

मत्रहच्या बाजारात तर त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षाच होती. तिथे एका गल्लीत दोन्ही बाजूंना भांड्यांच्या उतरंडी छतापर्यंत गेलेल्या असायच्या. धोक्याच्या उताराखालून सगळ्यांनी एकदम जायचं नसतं, एकाने जायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची, हा बर्फातला कायदा. त्यामुळे आधी मी, वीस पावलांवर ताई, मग माझी बायको, मग भाची, आणि गल्लीच्या तोंडाशी दाजी, पातेल्यांवर डोळे रोखून. कच्छी दुकानदार पेढीवर बसून ही मिरवणूक बघायचा. मी इतका ओशाळायचो की एकदा त्यांना ओळखतच नसल्यासारखा पुढे निघून गेलो. "मेव्हणे, अंतर ठेवलंत, शाब्बास," असं त्यांनी मागून ओरडून सांगितलं.

पण त्यांचा सगळ्यात अवघड कायदा वेगळाच होता. कुठेही निघायचं झालं की दाजी प्रत्येकाला 'जायचं का?' असं विचारत, आणि सुरुवात सगळ्यात लहानापासून. मोठा आधी बोलला की धाकटे माना डोलावतात, म्हणून ते स्वतः सगळ्यात शेवटी बोलायचे. एकाने जरी नको म्हटलं तरी सगळी तुकडी परत, आणि कारण कोणी विचारायचं नाही. माझा मुलगा चार वर्षांचा असताना त्याने समुद्रावरच्या सहलीला नको म्हटलं आणि आम्ही पुरीभाजी गच्चीवर बसून खाल्ली. संध्याकाळी तोच मुलगा समुद्रावर का नाही नेलं म्हणून रडला. दाजी म्हणाले, ठीक आहे, कायदा कायदा आहे.

मग एका जानेवारीत बातमी आली की जबल शम्सच्या माथ्यावर बर्फ पडलाय. तो ओमानमधला सगळ्यात उंच डोंगर, पण तिथेही बर्फ क्वचितच पडतो आणि पडला तर एकदोन दिवसांत जातो. दाजींनी ट्रंक उघडून लोकरीची टोपी आणि हातमोजे काढले. दोन्हींना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. नऊ वर्षांत त्यांनी बर्फ पाहिला नव्हता. या माणसाला इतकं अधीर झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गाडीत बसल्यावर ते चक्क गुणगुणत होते. आमच्या गाडीत दाजी, ताई, दहा वर्षांची भाची आणि मी. मागच्या गाडीत वसईकर आणि त्यांचे हॉटेलातले दोघे सहकारी.

निझवा मागे टाकून, खडकाळ रस्त्याने हाडं खिळखिळी करत आम्ही सकाळी वर पोहोचलो. गाड्या जिथे थांबतात तिथून माथ्यावरचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसत होता. तीनचार तासांचा चढ होता. दाजी बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. मग त्यांनी वाटेवरचे सुटे दगड काठीने हलवून पाहिले, ढग पाहिले, एका शेळ्यावाल्या म्हाताऱ्याशी मोडक्या अरबीत बोलून आले. दुपारी बारा वाजता जिथे असू तिथून परत फिरायचं, असं ठरवलं. सगळं ठीक होतं. आणि मग त्यांनी भाचीकडे वळून विचारलं, "जायचं का?"

भाची इंडियन स्कूलमध्ये शिकणारी, मराठी अडखळत बोलणारी. ती डोंगराकडे बघत राहिली. "बाबा, मला... नको वाटतंय," ती म्हणाली.

दाजींचा चेहरा मला अजून आठवतो. वसईकर पुढे आले आणि त्यांनी अगदी रास्त तोड काढली. "सुभेदार, पोर दमलीय. तिला ताईंबरोबर गाडीत बसू दे, तुम्ही चला. इथे कुठला कडा कोसळतोय?" मीही त्यांच्या बाजूने बोललो, खरं तर मलाच वर जायचं होतं. दाजींनी एकदा त्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग टोपी काढून घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "खलास. आमची तुकडी परत." वसईकरांची गाडी वेगळी, तुकडी वेगळी, त्यांच्यातल्या तिघांनीही हो म्हटलं होतं. त्यांना दाजींनी अंतर ठेवून चाला, बारा वाजले की फिरा, असं बजावलं आणि गाडीत येऊन बसले. निझव्यापर्यंत मी घुश्शात खिडकीबाहेर बघत होतो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, वसईकर थेट दाजींच्या घरी आले. अगदी धडधाकट, आनंदाने फुललेले. त्यांना काहीही झालं नव्हतं. वर बर्फ घोट्याइतका होता म्हणे, एकमेकांना गोळे मारले म्हणे. सुभेदारांसाठी त्यांनी मासळी ठेवायच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून आणला होता. झाकण उघडलं तर आत बहुतेक पाणीच, वर दोनचार मळकट ढेकळं तरंगत होती. दाजींनी आधी तिघेही नीट परतले का ते विचारलं. मग त्यांनी त्या पाण्यात हात घातला आणि हात बधिर होईपर्यंत तसाच ठेवला.

भाची दारात उभी होती. तिला रडू फुटलं. तिला काहीच झालं नव्हतं, पायही दुखत नव्हते, नुसतंच नको वाटलं होतं, असं तिने अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही मला कारण का नाही विचारलं? मी सांगू शकले नसते. मग तुम्ही गेला असता."

दाजींनी हात बाहेर काढून लुंगीला पुसला. "म्हणूनच नाही विचारलं," ते म्हणाले. "एका जवानाला विचारलं होतं. एकोणीस वर्षांचा होता. उतार मी तपासला होता, मला ठीक वाटला. तो म्हणाला, साहेब, नको वाटतंय. मी म्हटलं, कारण सांग. त्याला सांगता आलं नाही. मग तो गप्प बसला आणि सगळ्यांबरोबर चालायला लागला."

वसईकरांनी खोक्याचं झाकण हळूच लावलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इतक्या वर्षांच्या संसारात तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती. मला आदल्या दिवशीच्या माझ्या घुश्शाची लाज वाटली, आणि हा माणूस आपल्या घरचा आहे याचा इतका अभिमान वाटला की काय करावं ते सुचेना. दाजी काही वर्षांनी गावी परतले. जबल शम्सवर त्यानंतरही बर्फ पडला, पण नेमका दाजींच्या सुट्टीच्या दिवशी कधीच नाही. त्या जवानाचं नाव त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.