बाहेरचा बाक

"सोबत कोण आलंय?" सिस्टरने विचारलं.

"कोणी नाही."

"मग काका, भुलीचं इंजेक्शन नाही देता येणार. घरी न्यायला माणूस लागतो."

म्हणून मी जागाच राहिलो आणि कुशीवर पडून समोरच्या पडद्यावर माझंच आतडं बघत राहिलो. ओलसर, गुलाबी बोगदा. एका वळणावर वाटाण्याएवढा कोंब दिसला. डॉक्टरांनी दुर्बिणीचं बटण दाबलं तसा उजेड निळसर झाला आणि कोंबावरच्या बारीक शिरा पानावरच्या शिरांसारख्या उठून दिसल्या.

"नक्षी साधी आहे," ते म्हणाले. "कॅन्सरचा वाटत नाही. आत्ताच काढतो, तुकडा तपासायला पाठवूच."

जेमतेम काही मिनिटं लागली.

माझ्या थोरल्या भावालाही हीच तपासणी सांगितली होती. "माणूस लागतो रे सोबत. येशील?" दादाने फोनवर विचारलं होतं. "मूळव्याध असेल दादा, पुढच्या आठवड्यात बघू," मी म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं नाही. एकटाच राहायचा, दुसरं कोणाला विचारणार? कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता; दादा गेला. मला काम होतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. काम नव्हतं. कंटाळा आला होता.

कपडे घालून बाहेर आलो. सोबतीला आलेली माणसं बाकावर बसली होती. कोणी पेंगत होतं, कोणी मांडीवर पेशंटच्या कपड्यांची पिशवी धरून होतं. एवढंच तर करायचं असतं. मीही त्यांच्यात बसलो.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"थोरला भाऊ," मी म्हणालो.