पॅड बदला, डिस्क राहू द्या

त्या घरात गाडी थोरल्या सुनेची. कागदावर नवऱ्याचं नाव होतं, पण ते कागदापुरतंच. घरची रोपवाटिका होती. मागच्या सीटा पाडून कुंड्या भरायच्या, मातीच्या गोण्या रचायच्या आणि गावभर दुकानांत पोचवायच्या, हे काम लग्नानंतर तिने अंगावर घेतलं ते घेतलंच. उंच, दणकट एसयूव्ही ती अरुंद गल्लीत अशी मागे घ्यायची की बघणाऱ्याने श्वास रोखावा. नवरा मागे उभा राहून हातवारे करायचा, तिकडे ती बघायचीसुद्धा नाही. शेजारच्या सीटवर सासूबाई असायच्या. गुडघे दुखायचे तरी फेरी चुकवायच्या नाहीत, आणि गाडी सुरू झाली की डुलकी काढायच्या. "हिच्या हातात स्टिअरिंग असलं की मला पाळण्यात असल्यासारखं वाटतं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. बोलायला गोड, कामाला चटपटीत. तिलाही गाडी येत होती. थोरली तापाने पडली तेव्हा एक फेरी धाकटीने मारली आणि परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतंय हो. आणि पुढच्या चाकातून खर्रखर्र आवाज येतोय."

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या. "थोरलीला कसं नाही कळलं?"

थोरलीला चांगलं कळलं होतं. कधीपासून ती नवऱ्याला सांगत होती आणि तो "बघू, पुढच्या महिन्यात" म्हणून कूस बदलत होता. तोच नवरा आता ताटावरून उठला आणि हात न पुसताच त्याने मिस्त्रीला फोन लावला. "उद्या सकाळीच या दोघी गाडी घेऊन येतील," असं सांगून तो परत जेवायला बसला. थोरली पांघरुणात पडून हे ऐकत होती. ताप उतरला होता, पण अंगाची आग आग होत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवून पुढचं चाक काढलं. ब्रेकचे पॅड पार झिजले होते. ज्या लोखंडी डिस्कला ते चावतात, तिच्यावर बोट अडकावं असे चरे पडले होते. त्याने डिस्कची जाडी मोजली, तिच्यावर कोरलेला कमीत कमी जाडीचा आकडा पुसून बघितला आणि मान हलवली.

"काठावर आलीय. घासून गुळगुळीत करावी म्हटलं तर अंगात मांसच उरलं नाही. पॅडबरोबर डिस्कही बदला, दोन्ही बाजूंच्या."

हे तो धाकटीला सांगत होता. इतकी वर्षं या गॅरेजमध्ये थोरलीला खुर्ची पुसून मिळायची. आज ती खुर्चीत होती आणि धाकटी चाकाशी उकिडवी बसून प्रश्न विचारत होती. मिस्त्रीने पॅडचे दोन खोके पुढे ठेवले. सिरॅमिकचे पॅड आवाज करत नाहीत आणि चाकावर काळी पूडही कमी पडते. दुसऱ्यांत धातूची भुकटी असते. ते थोडे कुरकुरतात, पण तापले तरी पकड सोडत नाहीत.

"आपल्याला ओझं घेऊन उतार उतरायचा असतो ना, मग हे धातूवालेच बरे," धाकटी म्हणाली. "हो ना ताई?"

थोरलीच्या मनातही तेच होतं. पण ते आता धाकटीच्या तोंडून आलं होतं.

"सिरॅमिकचे टाका," ती म्हणाली. "आईंना आवाजाचा त्रास होतो. आणि पॅड बदला, डिस्क राहू द्या. अजून चालतील."

"वहिनी, या डिस्कवर नवे पॅडही खराब होतील."

"गाडी मी चालवते ना?"

मिस्त्रीने धातूवाला खोका बाजूला सरकवला. धाकटीने खोका उचलून फळीवर ठेवला. "ओझं बेताने भरा मग," एवढं बोलून तो पाना घेऊन खाली वाकला.

काही दिवस बरे गेले. मग थरथर परत आली, आधीपेक्षा जास्त. थोरलीने ती लपवायला सुरुवात केली. लांबूनच वेग कमी करायची, खड्डा नसतानाही "रस्ता बघा केवढा खराब" म्हणायची. धाकटी अंगणात कुंड्यांना पाणी घालताना दिसली की हिच्या पोटात दुखायला लागायचं. ती हसली तरी दुखायचं, आणि नाही हसली की वाटायचं, हिला समजलेलं दिसतंय.

आणि एकदा मोठी ऑर्डर आली. ओल्या मातीच्या कुंड्या छताला टेकेपर्यंत भरल्या. मोठ्या उतारावर तिने ब्रेक दाबला, तर पायाखाली पेडल धडधडायला लागलं. उतार संपेना आणि पकड सुटत चालली. खाली चौकात एक रंगारी शिड्यांची हातगाडी ढकलत रस्ता ओलांडत होता. थोरलीने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि सगळं अंग पेडलवर टाकलं. गाडीने हातगाडीला हलकेच टेकून दम टाकला. शिड्या घसरल्या, मागे कुंड्या फुटल्या. रंगारी धडधाकट होता, हे त्याच्या शिव्यांवरून समजलं.

सासूबाईंचा चष्मा मांडीवर पडला होता. चाकांतून जळका वास येत होता.

"मला खाली उतरव," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, भीती होती. थोरलीला ती शिव्यांपेक्षा जास्त लागली.

फोन नवऱ्याला करायला हवा होता. तिने धाकटीला केला.

धाकटी टॅक्सीने आली. सासूबाईंना तिने टॅक्सीत बसवून घरी पाठवलं, रंगाऱ्याला शिड्या उचलू लागली, आणि मग थोरलीशेजारी फुटपाथवर टेकली.

"डिस्कचं तुझं बरोबर होतं," थोरली म्हणाली. "पॅडचंही."

"मला माहीत होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पॅडही बदलू दिले नसते, ताई."

थोरलीला हसू आलं, आणि त्याच क्षणी रडूही. धाकटी दुसरीकडे बघत राहिली.

गाडी ओढून गॅरेजला नेली. नव्या डिस्क आणि धातूचे पॅड बसले. मिस्त्रीने रिकाम्या रस्त्यावर बेताबेताने ब्रेक लावत नवे पॅड डिस्कवर रुळवून घ्यायला सांगितलं, ते दोघींनी आळीपाळीने केलं. पाय टेकला की गाडी आज्ञाधारकपणे थांबत होती.

घरी नवरा चहा पीत बसला होता. "बरं झालं, धाकटीने पहिल्यापासून लक्ष दिलं," तो म्हणाला.

"मी काय केलं, भावजी? गाडी शेवटपर्यंत ताईंनीच आवरली," धाकटी म्हणाली.

थोरलीला बरं वाटायला हवं होतं. पण पोटात परत तीच कळ आली. इतकं सहज दुसऱ्याचं नाव पुढे करता येणं, हेही हिलाच जमतं. आपल्याला नाही जमलं, जमेल की नाही तेही माहीत नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो बशी तोंडाला लावत होता.

"अहो, धाकटीच्या आधी मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "कितीदा तरी. तुम्ही कूस बदलत होतात."

बशी अर्ध्यावर थांबली. सासूबाईंनी मुलाकडे बघितलं, धाकटीने जमिनीकडे.

"हो," तो बशी खाली ठेवत म्हणाला. "सांगितलं होतंस खरं."

थोरली फुटलेल्या कुंड्यांचे तुकडे गाडीतून काढायला बाहेर गेली. मागून धाकटी झाडू घेऊन आली, तेव्हा थोरलीने तिला परत पाठवलं नाही.