मेसवाली बाई कुठल्या गावची

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं आणि ती यवतमाळहून कर्वेनगरला माझ्याकडे राहायला आली. आधी एक डोळा, मग दुसरा, म्हणजे मुक्काम लांबणार होता. आई प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. वाचल्याशिवाय तिला करमत नाही. डोळ्यांना ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे वळून ती म्हणाली, "मंग तू वाच. मी आयकते."

माझी कादंबरी तेव्हा लिहून झाली होती. सुरुवातीची काही पानं प्रकाशनाच्या संपादकांना दाखवली होती, पण पूर्ण पाठवायचा धीर होत नव्हता. काहीतरी बसत नव्हतं आणि नेमकं काय ते सापडत नव्हतं. अशा दिवसांत मी नवं काही वाचायचं टाळते. दुसऱ्याचं चांगलं लेखन वाचलं की आपलं फिकं वाटू लागतं. पण ही सबब आईपुढे चालली नसती. दुकानात जाऊन मी नुकतीच आलेली काही पुस्तकं उचलून आणली.

पहिली कादंबरी आईने मध्येच थांबवली. "यातल्या कोनालेच भूक लागत नाही," म्हणाली. दुसरी पूर्ण ऐकली आणि संपताच पुढचं पुस्तक काढायला लावलं. मग एका तरुण लेखकाचा पहिलाच कथासंग्रह काढला. लेखक आमच्याच भागातला. एका कथेत दोन भाऊ वडिलांच्या जुन्या मोटारसायकलवरून भांडतात. मोठा धाकट्याला सांगतो, "गाडी माही, पेट्रोल तुह्यं. आता सांग, कोन जास्त मालक?" आई एवढी हसली, की ती डोळा चोळेल म्हणून मला तिचा हात धरून ठेवावा लागला.

"अजून एकदा वाच," ती म्हणाली.

पुन्हा वाचताना माझ्या ध्यानात आलं, की माझी जीभ सहज वळत होती. इतकी वर्षं पुण्यात मी कॉलेजात शिकवते. वर्गात, सोसायटीत, भाजीवाल्याशीसुद्धा इथल्यासारखंच बोलते. लिहितेही तसंच. त्या मुलाने मात्र घरात बोलतात तेच कागदावर उतरवलं होतं आणि ते कुठेही अडखळत नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला, पण त्याहून जास्त हुरूप आला.

संग्रह संपल्यावर आई म्हणाली, "आता तुह्यं वाच."

माझ्या कादंबरीतली मुख्य बाई आमच्याकडून पुण्यात आलेली विधवा. कर्वेनगरात विद्यार्थ्यांची मेस चालवते. एक मुलगा रात्री उशिरा जेवायला येतो, तो प्रसंग मी वाचला. बाई त्याला म्हणते, "एवढ्या उशिरा का आलास? भाजी संपली आहे." प्रसंग संपल्यावर आईने विचारलं, "हे बाई कुठची आहे?"

"आपल्याकडची. दारव्ह्याजवळची."

"मंग अशी काहून बोलते? सदाशिव पेठेत जल्मल्यावानी?"

मला जरा लागलं. "तूच तर शिकवलंस," मी म्हणाले. "घरी 'काहून' म्हटलं की 'का' म्हणायला लावायचीस."

"शाळेत बोलासाठी लावलं," आई म्हणाली. "तुह्या मेसवालीनं कोनती परीक्षा द्याची आहे?"

काय बसत नव्हतं ते मला त्या क्षणी कळलं. बाईची मेस, तिची चूल, तिचे हिशेबी डोळे सगळं मी नीट पाहून लिहिलं होतं. तोंड मात्र माझं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी पहिल्या पानापासून तिचे संवाद पुन्हा लिहायला घेतले. "इतक्या उशिरा काहून आला रे? भाजी सरली." त्यापाठोपाठ "पिठलं टाकू का?" आपोआप आलं. आधीच्या खर्ड्यात तो मुलगा उपाशीच गेला होता.

आईचा दुसरा डोळा होऊन ती परत जाईपर्यंत हाच क्रम चालला. सकाळी लिहायचं, संध्याकाळी तिला वाचून दाखवायचं. आम्ही कडाकडा भांडलोही. एखादा शब्द तिला तिच्या गावचा वाटेना, मला तो आजीकडून ऐकलेला आठवे. काही ठिकाणी मी हट्ट सोडला, काही ठिकाणी तिने.

मग मी संपादकांकडे गेले. त्यांचं ऑफिस कसबा पेठेत, एका अरुंद जिन्याच्या वर. जुना खर्डा त्यांनी थोडा वाचला होता आणि त्यांना तो आवडलाही होता. नवी पानं चाळून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, आधीचं स्वच्छ होतं. हे काय केलंत?"

"ती असंच बोलते."

"पुण्यातल्या वाचकाला कळायला नको?"

"तिच्या मेसमधल्या पुण्याच्या मुलांना कळतं."

"मुलं तिथे जेवायला येतात, वाचायला नव्हे." ते हसले नाहीत. "बरं, तळटीपा देऊ."

"नकोत. माणूस बोलत असताना खाली बघायला लागतं."

"मग थोडं सौम्य करा."

घरून निघतानाच मी मनाशी ठरवलं होतं. "एवढं सोडून बाकी काहीही सांगा, करते," मी म्हणाले. "हे नको असेल तर पानं परत नेते." मी खरंच पानं आवरू लागले.

"बसा. चहा सांगितलाय, वाया जाईल," ते म्हणाले.

चहा येईपर्यंत त्यांनी एक पान मोठ्याने वाचलं. पहिल्या ओळींत अडखळले. 'सरली'पाशी थांबले, पुढचं वाचलं आणि मान हलवली. पानाच्या शेवटी बाई त्या मुलाला वाढते तिथे त्यांचा आवाज बदलला होता. "कळतं खरं," एवढंच म्हणाले. मग पेन्सिल घेऊन निवेदनातली माझी लांबलेली वाक्यं त्यांनी निर्दयपणे छाटली. तिथे ते बरोबर होते. मी एकदाही अडवलं नाही.

पुस्तक आलं. एका छोट्या कार्यक्रमात एक गृहस्थ उठून म्हणाले, "आपल्या पुस्तकाचं मुद्रितशोधन नीट झालेलं दिसत नाही." मी म्हटलं, "झालंय. दोनदा." आईने प्रत वाचून संपवली आणि फोनवर पिठल्याचा प्रसंग मला वाचून दाखवला. तिच्या आवाजात तो माझ्यापेक्षा चांगला वाटला.

नवी पुस्तकं मी आता टाळत नाही. लिहिणं अडलेलं असेल तेव्हा तर मुद्दाम आणते. सध्या लिहिते आहे त्या कादंबरीत पुण्याजवळच्या मांजरी गावची एक शेतकरीण आहे. तिच्या उसाच्या शेतापलीकडे इमारती उभ्या राहताहेत. तिची बोली माझी नाही आणि आईचीही नाही. ती मला घरात बसून मिळणार नाही. म्हणून रविवारी बसने मांजरीला जाते, ओळखीच्या एका घरी ओट्यावर बसते आणि बायकांचं बोलणं ऐकते. तिच्या तोंडचं पहिलं वाक्य अजून सापडलेलं नाही. मी जाणं थांबवलेलं नाही.