कडी आतून पाहिजे

माझ्या धाकट्या जावेला सगळं आयतं मिळतं. नवरा शांत मिळाला, केस लांब मिळाले, अन् मालिकेत बोलायला वाक्य मिळालं, तेही चप्पल चावली म्हणून. हे मी चिडून सांगते असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. चिडूनच सांगते.

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला मुंबईच्या एका कंपनीनं बंगला भाड्यानं घेतला होता. तिथं रोज टीव्हीवर लागणाऱ्या एका मालिकेचं शूटिंग चालायचं. लग्न, बारसं, भांडण, काही असलं की मागं उभ्या राहायला बाया लागायच्या. त्या आमच्या शहरातून गाडी भरून जायच्या अन् त्यांच्यात मी असायचे. आता मी काय अशीतशी बाई नव्हते. वस्तीत दर जयंतीला मी नाटक बसवलेलं, विहारासमोरच्या स्टेजवर उभं राहून अख्खी गल्ली रडवलेली. पण कॅमेऱ्यापुढं माझं काम काय, तर हातात ताट धरून मान डोलवायची. मी म्हणायचे, आज ताट हाय, उद्या वाक्य मिळंल.

एक दिवस एक बाई कमी पडली म्हणून मी जावेला सोबत नेलं. मीच नेलं, दुसरं कुणी नाय! माझी चांगली साडी तिला नेसवली, कुठं बघायचं अन् कुठं नाय ते शिकवलं. तिची नवी चप्पल चावत होती म्हणून ती तोंड वाकडं करून उभी राहिली. डायरेक्टरनं ते तोंड बघितलं अन् म्हणाला, "ह्या बाईंना वाक्य द्या." उशिरा उठलेल्या सुनेला टोमणा मारायचा होता, "उठलात का महाराणी?" हिनं आपलं घरच्यासारखं म्हणून टाकलं, "उठल्या व्हय महाराणी?" सगळं युनिट खो खो हसलं. त्या दिवसापासून ती मालिकेतली शेजारची काकू झाली, अन् मी काकूच्या मागची बाई.

पुढं तर कहरच झाला. औरंगपुऱ्यात भाजी घ्यायला गेलो की भाजीवाली तिला ओळखून कोथिंबिरीची जास्तीची जुडी द्यायची. "काकू, त्या सुनेला जरा सोडा की आता!" असं म्हणायची. पिशवी माझ्या हातात असायची. जुडी माझ्याच पिशवीत पडायची अन् माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात ही बया हसून म्हणायची, "जाऊबाई, तुमच्यामुळंच झालं हे." तिनं जरा तरी माज करावा ना! भांडायलाही जागा ठेवायची नाय.

काकू झाली तरी साडी बदलायला ती आमच्यातच होती. मुंबईच्या नट्यांना व्हॅनिटी व्हॅन होती. आम्ही लोकलच्या बाया मागच्या पत्र्याच्या शेडमधी. दोघींनी चादर धरायची अन् तिसरीनं बदलायचं, मग पाळी बदलायची. एक दिवस एक टकला असिस्टंट आला अन् त्यानं सरळ चादर बाजूला ओढली. "चलो चलो, शॉट रेडी है!" आत आमच्यातली एक बाई परकरावर उभी होती. ती खाली बसली अन् गुडघ्यात तोंड घालून रडायला लागली.

"मुडद्या, डोळे फुटले का रे तुझे?" मी जी सुटले ती थांबलेच नाय. सगळ्या बायांना घेऊन फाटकाबाहेर लिंबाखाली जाऊन बसले. बदलायला खोली पाहिजे, तिला दार पाहिजे, दाराला आतून कडी पाहिजे, अन् आत बाई असताना कुणी दार वाजवायचं नाय. तोवर काम बंद. मेकअपवाले अन् लाइटवालेही आमच्याजवळ येऊन बसले. कंपनीनं दुसऱ्या बाया आणायचं बघितलं, पण लग्नाचा सीन अर्धा झालेला. त्याच बाया, त्याच साड्यांत, त्याच जागी दिसायला पाहिजे होत्या. आम्ही अडून बसलो अन् नवरीही मांडवात अडकली.

तेव्हा मुंबईहून त्यांचा मॅनेजर आला. म्हणाला, दोघींनी आत येऊन बोला. संप कुणी केला? मी. घसा कुणाचा बसला? माझा. अन् बाया काय म्हणाल्या? "काकूला पाठवा, तिला ते ओळखतात." मग कुणाला तरी माझी आठवण झाली, "अन् ह्यांना पण जाऊ द्या, ह्या बोलतात चांगलं." म्हणजे ती देवी अन् मी पुजारीण. मला इतका राग आला की लिंबाच्या सावलीतही मला घाम फुटला.

बोलणी मालिकेतल्याच दिवाणखान्यात झाली. तिथला लाल सोफा म्हणजे सासूबाईंचा सोफा, आम्हाला त्याला हात लावायलाही बंदी होती. त्या दिवशी मॅनेजरनं स्वतः बसा म्हणलं. मी सगळं नीट मांडलं, काय चुकलं अन् काय पाहिजे. पण बोलत होते मी, अन् तो मान हलवत होता जावेकडं बघून! शेवटी तो माझ्याकडं वळला, आवाज एकदम मऊ केला. "मॅडम, तुम्ही स्टेजच्या कलाकार आहात असं कळलं. आमचंच चुकलं, काकूचा रोल तुमच्यासारख्यांना द्यायला हवा होता. अजूनही देता येईल. पात्रं काय, येतात-जातात. तुम्ही फक्त ह्या बायांना समजवा."

खरं सांगू? मला पाहिजे होतं. लई पाहिजे होतं. तरी त्याच्या तोंडावर मारायला एक वाक्य मी मनात जुळवत होते, जयंतीच्या स्टेजला शोभेल असं. ते जुळायच्या आत माझी जाऊच बोलली.

"द्या की त्यांना. त्या माझ्यापेक्षा चांगलं करतात. पण खोली आधी द्या. अन् कडी आतून पाहिजे."

संपलं. खोली मिळाली. बंगल्याच्या मागच्या बाजूची, हिरव्या दाराची. आतून जाड कडी बसवली. बायांनी जावेला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. मी कडी लावून, काढून, परत लावून बघत बसले. तो नकार माझा होता, माझ्या तोंडात आलेला, अन् तोही तिनंच नेला.

कंपनीनं राग काढला, पण जरा थांबून. लग्नाचा सीन उरकला, पुढचे भाग निघाले, अन् काकू वेरूळहून येताना गाडीच्या अपघातात वारली. कॅमेऱ्यापुढं नाय, नुसती बातमी आली. जावेला फोनवर सांगितलं, "गरज पडली तर कळवू." अन् मला फोन आला की काकूची थोरली जाऊ म्हणून नवं पात्र आणतोय, ते तुम्ही करायचं. वाक्यं आहेत. एक नाय, पानभर!

मी घरात नाचायचीच बाकी होते. संध्याकाळी तीच चहा घेऊन आली, माझ्यासमोर बसली अन् माझी वाक्यं ऐकून घेतली. "इथं जरा थांबा, मग बोला," असंही सांगितलं. अन् चूक नव्हतं तिचं! मी तिच्या तोंडाकडं बघत होते, कुठं तरी पोटात दुखतंय का हिच्या. काहीच दिसंना. मला जळायला एवढं येतं, हिला का येत नाय?

दुसऱ्या दिवशी सेटवर गेले तर भिंतीवर तिचा फोटो अन् त्याला चंदनाचा हार. त्याच फोटोपुढं मला रडायचं होतं. आमच्या घरात शकुन-अपशकुन कुणी मानत नाय. पण त्या सेटवरची एक रीत मला माहीत होती. गोष्टीत कुणी मेलं की अपशकुन जावा म्हणून त्या नटाला कॅमेऱ्यापुढं उभं करून हसरा शॉट घ्यायचे. मालिकेतले आजोबा वारले तेव्हा सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या होत्या, पेढा भरवला होता. मी त्या टकल्या असिस्टंटला विचारलं, "हिचा हसरा शॉट कधी घेतला?"

"अरे मॅडम, वो लोकल है ना. उसका क्या करना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. लोकल! म्हणजे तिला मारायचं पण रीतीनं नाय. मी गेले अन् सासूबाईंच्या लाल सोफ्यावर मांडी घालून बसले.

"तिला बोलवा. तिचा हसरा शॉट घ्या. तोवर मी रडणार नाय."

संपापासून मॅनेजर सेटवरच असायचा, तो धावत आला. "तुमची वाक्यं दुसरीला देऊ."

रात्रभर घोकलेली वाक्यं होती ती. तरी म्हणलं, "द्या." माझ्यामागच्या बाया एकेक करून खाली बसल्या. लाइटवाल्यानं दिवा बंद केला अन् तोही बसला. शेवटी गाडी पाठवली.

ती आली घरातल्या साडीवर, केस नुसते गुंडाळलेले. कॅमेऱ्यापुढं उभी राहिली अन् हसली. कसं हसली म्हणून सांगू! आपल्याच हार घातलेल्या फोटोखाली उभी राहून, चप्पल चावत नसताना, सगळ्यांना घरी जेवायला बोलावल्यासारखं. टाळ्याच टाळ्या. डायरेक्टरही म्हणाला, "वा!" माझ्यासाठी त्यानं कधी वा म्हणलं नव्हतं. मी टाळ्या वाजवत होते अन् आतून नुसती जळत होते.

ती सगळ्यांना हात जोडून मागच्या खोलीत गेली. कडी लागली. मी तिच्यामागं गेले होते, साडीची पिन मागायला. दाराशी पोचले अन् आतून आवाज आला. रडत होती. पदर तोंडात कोंबून, थांबून थांबून. मालिका गेली म्हणून. भाजीवालीची जुडी गेली म्हणून. हिच्या पोटात दुखतच होतं. माझ्यासमोर बसून चहा पीत होती तेव्हाही दुखत होतं. मी जन्मात इतकं खरं रडले नव्हते, ना स्टेजवर ना घरी. त्याचाही मला हेवा वाटला.

टकला पळत आला. "मॅडम, चलो, लाइट जा रही है! आपका ही शॉट है. नहीं आए तो डायलॉग कट." अन् दार वाजवायला हात उचलला.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"आत बाई हाय," मी म्हणलं. "थांबायचं."