दादाच्या रक्तातली ओढ

माझा भाऊ नशेत मेला नाही.

आज त्याचं वर्षश्राद्ध आहे, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो. वडीगोद्रीत आणि जालन्यात ज्यांनी ज्यांनी "परत घेतली असेल" असं म्हटलं, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

विलासदादा गोव्याला हॉटेलात कामाला होता. तिथे कोकेन लागलं.
आमच्या घरात तो शब्द कोणाच्या तोंडून निघायचा नाही. सगळे "पावडर" म्हणायचे.

औरंगाबादच्या सेंटरमध्ये राहून तो त्यातून सुटला. लघवीची टेस्ट क्लीन आली. आमच्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, गल्लीत पेढे वाटले. पोरगं दहावी पास झाल्यासारखे.

डॉक्टरांनी मात्र आणखी एक टेस्ट केली. दादाला आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस आठवायला सांगितला आणि रक्त घेतलं. थोडं थांबून परत घेतलं.

टेन्शन आलं की रक्तात एक हार्मोन वाढतं. नंतर ते खाली यायला पाहिजे.
दादाचं वरच राहिलं.

"लघवी कालचं सांगते," डॉक्टर म्हणाले. "हे उद्याचा अंदाज देतं. असं रक्त असलेले लोक नशेकडे लवकर परत वळतात, असं दिसतंय. पण अंदाजच आहे. आम्हीही अजून शिकतोय."

मी घाबरलो. मी तसाही घाबरतोच.

दादा एसटीत खिडकीजवळ बसून म्हणाला, "बरं झालं कळलं. मंग आता पावडरला न्हाई, टेन्शनला भ्यायचं. भांडण झालं की तू माझ्याजवळ येऊन बसायचं."
"आणि बोलू काय?"
"काहीच बोलू नको. तुझं बोलणं ऐकून टेन्शन वाढतं."

हायवेला त्याने पंक्चरचं दुकान टाकलं. एखादा ड्रायव्हर भांडून गेला की मी जाऊन बसायचो.
"काय रे, भावाची राखण करून राह्यला का?" लोक मला विचारायचे.
"हौ, चहावर ठेवलाय," उत्तर दादाच द्यायचा.

एकदा वाटणीवरून तात्यांशी जोरात वाजलं. दादा बॅग घेऊन थेट रोडवर. गोव्याला चाललो म्हणाला.

मी शेजारी दगडावर बसलो. गाड्या आल्या, गेल्या. दुपार उतरली.

"लई ओढ लागली रे," एवढंच म्हणाला.

मग बॅग माझ्या हातात दिली. "चल. मायला म्हणावं, पिठलं टाक."

मागच्या वर्षी ट्रकचं चाक काढताना तो कोसळला. हृदय बंद पडलं. गोव्याच्या त्या वर्षांनी हृदय कमजोर केलं होतं, असं पोस्टमॉर्टेम करणारे डॉक्टर म्हणाले. शरीरात नशेचा अंशही नव्हता, हेही त्यांनीच सांगितलं.

दहाव्याला शहागडला गोदावरीच्या काठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते. एकही खाली येईना.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. कबूल करा."

आई हात जोडून म्हणाली, "धाकट्याचं लगीन करते रे राजा." कावळे हलले नाहीत.

तेव्हा तात्यांनी रडत रडत खिशातून दारूची क्वार्टर काढली आणि पिंडाजवळ ठेवली. "पावडर कुठून आणू पोरा? हीच घे. पण सुट बाबा."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. तरी मी ती उचलली. आयुष्यात पहिल्यांदा तात्यांना उलट बोललो.

"हे ठेवायचं न्हाई, तात्या."
"अरे, त्याचा जीव अडकलाय त्याच्यात!"
"ओढ होतीच. डॉक्टरांनी रक्तात दाखवली होती. ती असून त्यानं हात लावला न्हाई. आता मेल्यावर तुम्ही त्याच्या तोंडाला लावता का?"

आई म्हणाली, "बराबर बोलला. ठेवायची न्हाई."

ऊन डोक्यावर आलं. कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

परतताना जीपमध्ये कुजबुज झालीच. "पावडरचीच इच्छा राहिली."

राहिली असेल. मी नाही म्हणत नाही.

ती इच्छा अंगात घेऊन तो रोज सकाळी दुकानाचं शटर वर करायचा आणि संध्याकाळी घरी जेवायला यायचा. हे मी जवळ बसून बघितलंय.

कोणी पुन्हा विचारलं, तर पुन्हा हेच सांगेन.

दादा, निश्चिंत राहा. तुझ्या नावासाठी भांडायला मी आहे.
तुझ्या आठवणीला मनापासून नमस्कार.