टाकव्याची म्हैस आणि दारूचा वास

सन २०२२. माझं वय सहासष्ट. टाकवे बुद्रुकच्या एका गोठ्यात म्हैस आडवी पडलेली, रेडकू पोटात अडकलेलं, आणि घरधनीण हौसामावशीनं आमच्या मॅडमच्या हातांवर तांब्याभर पाणी ओतलं.

मॅडम जनावरांच्या डॉक्टर, मी त्यांचा मदतनीस. शाळा चौथीत सुटली. पण जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जखमा बांधणारा ड्रेसर म्हणून जन्म काढला. रिटायर झालो तरी घरी बसलो न्हाई.

म्हशीचं सिझेरियन करायचं होतं. मॅडमनी नखं साफ केली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले. मग अल्कोहोलचं सॅनिटायझर चोळलं, ऑपरेशनचं असतं ते. त्यानं कातडीवरचे जंतू झटक्यात मरतात. पण हात ओले किंवा शेणानं भरलेले असले तर त्याचा जोर जातो. चोळल्यावर पुसायचं न्हाई, आपोआप वाळू द्यायचं. मॅडम हात वर धरून उभ्या होत्या, तेवढ्यात हा तांब्या.

"मावशी, काय केलंत हे!" मी ओरडलो.

"हाताला दारूचा वास येतोय त्यांच्या. आमच्या घरात माळ हाय. असल्या हातानं माझ्या म्हशीला शिवायचं न्हाई."

"पाजायला न्हाई आणली ती!"

"मग हुंगायला आणली व्हय?"

म्हैस कण्हत होती. मी म्हणालो, "मॅडम, चढवा ग्लोव्हज. वर रबर तर हाय."

"आणि आत गेल्यावर ग्लोव्ह फाटला तर, आबा? तांब्यातलं सगळं तिच्या पोटात जाईल."

त्यांनी निर्जंतुक टॉवेलनं हात कोरडे केले आणि सॅनिटायझर पुन्हा घेतलं. मी मावशीच्या आडवा उभा राहिलो.

"भाऊ, बाजूला व्हा. गोठा माझा हाय."

"म्हस वाचली तर गोठा. मी हलणार न्हाई." मग जरा दमानं सांगितलं, "मावशी, हे उडून जातं. हात वाळला की वास बी न्हाई अन् दारू बी न्हाई. कधी गेला ते तुमीच सांगा. पण लांबनं."

ती नाक पुढं करून उभी राहिली. मॅडमना म्हशीची घाई. त्या ग्लोव्हजकडं वळल्या की मावशी म्हणायची, "थांब पोरी, येतोय अजून." ओल्या हातावर ग्लोव्ह चढवायचा न्हाई, हा डॉक्टरी नियम. मावशीचा नियम माळेचा. थांबायला दोन्ही तेवढंच लावत होते.

शेवटी ती म्हणाली, "गेला. कर तुझं काम."

रेडकू मेलेलं निघालं. म्हैस वाचली. पुढं टाके काढले तेव्हा जखम कोरडी होती, पावसाळी गोठा असून. सगळं श्रेय हाताला देत न्हाई, औषधं बी दिली होती. पण घाईच्या कामात वाट बघायला लावणारं एक माणूस जवळ असावं. मग ते कुठल्या का कारणानं अडवीना.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो होतो, तर म्हैस उभी राहून वैरण खात होती आणि मावशी खरवसाला पातेलं घेऊन बसलेली. मी धार काढली. अँटिबायोटिकच्या सुया दिल्यात, हे दूध खायचं न्हाई, म्हणालो. ती बादली सोडेना. मी ओढून घेतली आणि तिच्यादेखत उकिरड्यावर ओतली.